दहा आज्ञा, व्हाउचर आणि आमची शेजारीण: टेक्सासमधल्या शाळांचं राजकारण

केळफूल

राम राम मंडळी. डॅलसच्या उत्तरेला राहून अकरा वर्षं झाली. इथल्या राजकारणावर मी सहसा लिहीत नाही, कारण आमच्या घरात दोन मतं आणि जेवणाचं टेबल एकच. पण यंदा प्रकरण लेकीच्या वर्गापर्यंत आलं, म्हणून धागा काढतेय.

लेक चौथीत. गणपती विसर्जनाला आठवडा झाला नव्हता, तेव्हा शाळेतून येऊन विचारते, "आई, ग्रेव्हन इमेज म्हणजे काय गं?" म्हटलं, कोरलेली मूर्ती. तर लगेच, "मग आपण गणपती आणतो ते चूक आहे का? वर्गात भिंतीवर लिहिलंय, करायची नाही म्हणून."

भिंतीवर लागल्या होत्या बायबलमधल्या दहा आज्ञा. कायदा सिनेट बिल १०. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी २०२५ च्या जूनमध्ये सही केली आणि १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात, ठळक जागी, किमान १६ बाय २० इंचांचा फलक. मजकूर शब्दन् शब्द कायद्यातच छापलेला. शाळेनं पैसे खर्च करायची सक्ती नाही, पण कुणी फलक दान दिला तर लावणं भाग.

आमच्या शेजारीणबाई सदर्न बॅप्टिस्ट ह्या प्रोटेस्टंट पंथाच्या आहेत. माझं बाळंतपण झालं तेव्हा तीन आठवडे रोज डबा त्यांच्या घरून यायचा, आणि दरवर्षी त्या आमच्याकडे मोदक खायला येतात. त्या ह्या कायद्यावर खूश आहेत. मी विचारलं, का हो? त्या अंगणातल्या खुर्चीत बसून जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगते, कारण आपण मराठी लोक ह्या मंडळींना फार पटकन 'कट्टर' म्हणून मोकळे होतो.

त्यांचं म्हणणं असं: तुम्ही म्हणता सरकारी शाळा तटस्थ असावी. तटस्थ शाळा कुठे असते? मुलाला सकाळी आठ ते तीन तुम्ही काय चांगलं, काय वाईट हे शिकवताच. त्यातून देव काढला तर ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरं कुणीतरी येऊन बसतं. १९६२ आणि १९६३ साली सुप्रीम कोर्टानं शाळेतली प्रार्थना आणि बायबलवाचन बंद केलं. त्या तेव्हा बालवाडीत होत्या. त्यांच्या दृष्टीनं हा कायदा नवीन काही लादत नाही, काढून नेलेलं परत आणतो.

मला पटलं नाही. पण उत्तरही लगेच सुचलं नाही, हे कबूल करते.

आता प्रश्न. सिनेट बिल ११ नावाचा जुळा भाऊ आहे. त्यानुसार प्रत्येक स्कूल बोर्डानं, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळानं, १ मार्च २०२६ च्या आत मतदान करायचं आहे, की शाळेत प्रार्थना आणि धर्मग्रंथवाचनासाठी रोज वेळ ठेवायचा की नाही. आमच्या बोर्डाची सभा पुढच्या महिन्यात आहे. बोलायला तीन मिनिटं मिळतात. बोलू का? आणि काय बोलू?

कोथरूडचा कावळा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. २०२४ साली आपल्याकडे अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतापठण आलं तेव्हा इथलीच मंडळी "संस्कार आहेत ते" म्हणत होती. आता भिंत दुसऱ्याची झाली तर पोटात दुखलं?

केळफूल

कावळेबुवा, मी तेव्हाही विरोधातच लिहिलं होतं, जुना धागा काढून बघा. पण टोमणा रास्त आहे, पुढे चला.

खडूफळा

मी ह्यूस्टनजवळ सरकारी शाळेत सहावीला गणित शिकवते. आतली बाजू सांगते.

फलक खोक्यातून आले. कुणी दान दिले ते कार्यालयानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या वर्गात एका भिंतीवर पाढे, एकीकडे आग लागली तर बाहेर कसं पडायचं त्याचा नकाशा. मधे हे. मुलं पहिल्या दिवशी बघतात, तिसऱ्या दिवशी विसरतात. फक्त एकदा एका मुलानं "अ‍ॅडल्टरी म्हणजे काय" असं मोठ्यानं विचारलं. मी म्हटलं, घरी विचार. घरून काही फोन आला नाही. देव पावला, कोणता ते माहीत नाही.

पण फलक ही दिसणारी गोष्ट. खरं काम पुस्तकात चालतं. राज्यानं 'ब्लूबॉनेट' नावाचं पाठ्यसाहित्य केलंय, पाचवीपर्यंतचं. भाषेच्या धड्यांत राणी एस्तेर, डोंगरावरचं प्रवचन, 'शेवटचं भोजन' हे चित्र. राज्य शिक्षण मंडळात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ८ विरुद्ध ७ अशा मतांनी मंजूर झालं, आणि विरोधात रिपब्लिकन सदस्यही होते. सक्ती नाही. मात्र जो शाळा-जिल्हा घेईल त्याला दर विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा पैसे. ज्या जिल्ह्याच्या तिजोरीत खडखडाट आहे त्याला 'सक्ती नाही' ह्याचा अर्थ काय ते तुम्हीच ठरवा.

२०२३ साली शाळांत समुपदेशक म्हणून चॅपलन, म्हणजे धर्मगुरू, नेमायची मुभा देणारा कायदाही आला होता. त्याला शंभरावर चॅपलननीच पत्र लिहून विरोध केला. मोठ्या जिल्ह्यांनी बहुतेक नको म्हटलं. तेव्हा केळफूल, बोर्ड 'नाही' म्हणू शकतं, आणि म्हणतंही. जरूर बोल.

देवघर

मी उलट्या बाजूचा आहे, चपला मोजून ठेवा.

माझी दोन्ही मुलं ख्रिश्चन खाजगी शाळेत जातात. आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असतं. तरी घरी संध्याकाळी शुभंकरोती होतं. कुणी धर्म बदलायला सांगितलं नाही. शाळेत फोन नाही, शिव्या नाहीत, शिक्षकाला 'सर' म्हणतात. ह्या लोकांना निदान धर्म ही थट्टेची गोष्ट वाटत नाही. माझ्यासारख्याला त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.

आणि पालकांच्या हक्कावर तर मी शंभर टक्के त्यांच्याच बाजूला. मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीचं प्रकरण बघा. लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत लिंगभाव आणि समलैंगिकतेचे विषय होते. पालक म्हणाले, पुस्तक ठेवा, पण आमचं मूल त्या तासाला बाहेर बसू द्या. कोर्टात गेलेले पालक मुस्लिम होते, कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स होते. २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ६–३ नं त्यांच्या बाजूनं कौल दिला. उद्या आपल्या मुलांना काही नको असेल तर हाच निकाल कामी येईल.

केळफूल

देवघर, इथेच माझी गाठ बसते. त्या निकालाचा गाभा असा ना, की घरच्या श्रद्धेच्या विरुद्ध असलेलं शाळेनं मुलापुढे सक्तीनं ठेवू नये? मग ग्रेव्हन इमेजचं काय? माझ्या लेकीनं कोणत्या तासाला बाहेर बसायचं? फलक तर सगळ्याच तासांना आहे.

देवघर

हा मुद्दा मान्य. फलकाचा मीही फारसा चाहता नाही.

पश्चिमवारा

मी पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान गावात डॉक्टर आहे. तेलविहिरी, कापूस आणि चर्च. मतदान विचारू नका, दहातले आठ रिपब्लिकन. गावात आम्ही एकमेव मराठी कुटुंब, त्यामुळे 'एकमेव हिंदू', 'एकमेव शाकाहारी' आणि 'डॉक्टर' ही तिन्ही पदं माझ्याकडेच.

शहरातल्या मंडळींना वाटतं ख्रिस्ती पुराणमतवादी म्हणजे एकच गठ्ठा. इथे राहून बघा. व्हाउचरवरून, म्हणजे खाजगी शाळेसाठी पालकांना सरकारी पैसा द्यायच्या योजनेवरून, हा गठ्ठा उभा फाटला होता.

गावात खाजगी शाळा नाही. सगळ्यात जवळची साठ मैलांवर. सरकारी शाळा हीच गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी जागा. बस चालवणारा, स्वयंपाकघरातल्या बायका, फुटबॉलचा प्रशिक्षक, सगळे एकाच चर्चमधे बसतात. शुक्रवारी रात्री सामना असला की अख्खं गाव मैदानावर. माझ्या दवाखान्यात शुक्रवारी दुपारी चारनंतर कुणी आजारी पडत नाही. अशा गावाला सांगा, की शाळेचा पैसा मुलाच्या नावानं बाहेर काढून खाजगी शाळेला द्या. लोक विचारतात, कुठल्या शाळेला? ती तर डॅलसला आहे.

म्हणून गावाकडचे रिपब्लिकन आमदार वर्षानुवर्षं व्हाउचर पाडत आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ८४–६३ मतांनी पाडलं, आणि २१ रिपब्लिकन डेमोक्रॅट्सबरोबर गेले. हे लोक काही पुरोगामी नव्हते हो. गर्भपात, बंदुका, सीमा, सगळ्यांवर पक्के. काही तर चर्चमधे रविवारी शिकवणारे.

मग अ‍ॅबट यांनी मार्च २०२४ च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) आपल्याच पक्षाच्या ह्या आमदारांविरुद्ध उमेदवारांना बळ दिलं. पेनसिल्व्हेनियाचे अब्जाधीश जेफ यास यांनी अ‍ॅबटना साठ लाख डॉलर दिले होते. आमच्याच भागातले तेलवाले टिम डन आणि फॅरिस विल्क्स यांचा पैसाही वर्षानुवर्षं असल्या लढायांत ओतला जातोय. गंमत बघा, प्रचारपत्रकांत शाळेचा विषय जवळजवळ नव्हताच, सगळी सीमेची भीती. माझ्या टपालपेटीत आलेली मी ठेवून दिली आहेत. बरेच जुने आमदार पडले. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेच व्हाउचर ८५–६३ नं सहज पास झालं. विरोधात किती रिपब्लिकन उरले? दोन.

आता आकडे: पहिल्या टप्प्याला १०० कोटी डॉलर. खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलाला साधारण दहा हजार, अपंगत्व असलेल्या मुलाला तीस हजारांपर्यंत, घरी शिकणाऱ्याला दोन हजारांपर्यंत. २०२६–२७ च्या शैक्षणिक वर्षापासून.

आमच्या गावचे वयस्क पास्टर मला म्हणाले, "आम्ही शाळा चालवली ती सगळ्यांच्या पोरांसाठी." एवढंच. पुढे बोलले नाहीत, कारण व्हाउचरवाला नवा आमदार त्यांच्याच चर्चला येतो.

शंभर नंबरी

जबरदस्त प्रतिसाद. पत्रकांचे फोटो टाका की.

पश्चिमवारा

माणसांची नावं-चेहरे आहेत त्यावर, नको.

खडूफळा

घरी शिकवणाऱ्यांतही फूट होती बरं का. टेक्सासमध्ये १९९४ च्या लीपर निकालापासून घरची शाळा ही कायद्यानं खाजगी शाळाच समजली जाते, सरकारला काही कळवावंही लागत नाही. त्यातले कट्टर ख्रिस्ती पालक म्हणत होते, तुमचे दोन हजार नकोत. आज पैसा आला की उद्या तपासनीस येतो. माझी एक सहकारी ह्या पंथातली. तिनं नोकरी सोडून चार मुलं घरी शिकवली. तिच्याशी माझं एकाही राजकीय मुद्द्यावर जमत नाही, पण तिच्या मुलांना पाढे तीसपर्यंत येतात, आणि ते मला माझ्या वर्गाबद्दल सांगता येत नाही.

सुकेळी

वसईची, कॅथलिक, सध्या ओक्लाहोमात. दोन गोष्टी सांगते.

एक. त्या फलकावर 'दहा आज्ञा' लिहिलंय, पण कोणाच्या दहा? ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ह्यांची मोजणी वेगवेगळी आहे. आम्हा कॅथलिकांत कोरीव मूर्तीचं वाक्य ही स्वतंत्र आज्ञा धरत नाहीत, ती पहिलीतच येते. नाहीतर आमच्या वसईच्या एकेका चर्चमधले पुतळे कुठे नेऊ? टेक्सासचा मजकूर तोच, जो ऑस्टिनमधे विधानभवनाच्या आवारातल्या दगडावर कोरलेला आहे. २००५ साली सुप्रीम कोर्टानं तो दगड ५–४ नं राहू दिला. पण आवारातला दगड आणि वर्गातली भिंत ह्यात फरक आहे. वर्गातल्याच फलकावर केंटकीचा कायदा त्याच कोर्टानं १९८० मध्ये रद्द केला होता. आताच्या मंडळींना वाटतं तो निकाल डळमळीत झालाय, कारण २०२२ मध्ये मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात कोर्टानं जुनी कसोटी टाकून 'इतिहास आणि परंपरा' बघायला घेतली. लुइझियाना, टेक्सास हे कायदे मुद्दाम त्या दारावर थाप मारायला केलेत.

दोन. शेजारीणबाईंना सांग, १९६२ च्या आधीही सगळे सुखात नव्हते. शाळेत वाचायचं ते किंग जेम्स बायबल, म्हणजे प्रोटेस्टंटांचं. फिलाडेल्फियात कॅथलिक म्हणाले, आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या. त्यावरून १८४४ साली दंगली झाल्या, चर्चेस जाळली, माणसं मेली. कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा काढल्या त्या हौसेनं नाही.

आणि आमचं ओक्लाहोमा! इथे कॅथलिक चर्चनंच सेंट इसिडोर नावाची सरकारी पैशावर चालणारी ऑनलाइन शाळा काढायला घेतली. खटला कोणी केला? रिपब्लिकन अ‍ॅटर्नी जनरल जेंटनर ड्रमंड यांनी. म्हणाले, आज हे दिलं तर उद्या कुठल्याही पंथाच्या शाळेला द्यावं लागेल. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टात ४–४ झालं, न्यायमूर्ती बॅरेट बाजूला राहिल्या होत्या, त्यामुळे राज्याच्या कोर्टाचा नकार कायम राहिला आणि शाळा अडली. तेव्हा मी कोणत्या बाजूला होते विचारू नका. मनातून शाळा व्हावीशी वाटत होती आणि डोक्यानं नको.

नगरचा पाव्हणा

सुकेळीताईंना नमस्कार. मी मराठी ख्रिस्ती, आमचं घराणं नगरचं, अमेरिकन मराठी मिशनचं. ह्यूस्टनला इव्हँजेलिकल चर्चला जातो, मत बहुधा रिपब्लिकनांना देतो, व्हाउचर मला चालतं. तरी फलकाच्या विरोधात आहे, आणि ह्यावरून माझं मेव्हण्याशी थँक्सगिव्हिंगला कडाक्याचं वाजलं.

मेव्हणा म्हणतो, "आपण ख्रिस्ती, आपल्याच आज्ञा, तुला काय टोचतं?" मी त्याला आमच्याच मिशनचा इतिहास सांगितला. १८१३ साली मुंबईत उतरलेले ते अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. पुढे ह्याच मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे नगरला सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. पण १८१३ ला त्या पंथाची घरी, मॅसॅच्युसेट्समध्ये, अवस्था काय होती? तो राजमान्य पंथ होता. करातून त्याच्या चर्चना पैसा मिळायचा, तो थेट १८३३ पर्यंत. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये तेच, १८१८ पर्यंत. आणि ह्याला वैतागलेले कोण? बॅप्टिस्ट! कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पत्र लिहिलं, त्याच्या १८०२ च्या उत्तरात धर्म आणि सरकार ह्यांच्यामधली 'भिंत' आली. ती भिंत नास्तिकांनी मागितलेली नाही, शेजारीणबाईंच्या पूर्वसूरींनी मागितली आहे.

आजही टेक्सासमध्ये ख्रिस्ती विरोधक आहेत. विधानसभेतले जेम्स टॅलरिको सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, शिकलेले, त्यांनी फलकाला धर्माच्याच आधारानं विरोध केला. सॅन अँटोनियोच्या फेडरल कोर्टात जे पालक गेले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अकरा जिल्ह्यांपुरती मनाई मिळवली, त्यांत ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, निधर्मी सगळे होते.

मी अल्पसंख्य म्हणून नगरला वाढलो. शाळेत सरस्वतीपूजन व्हायचं, मी मागे उभा राहायचो. कुणी त्रास दिला नाही, खोटं कशाला बोलू. पण मागे उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. मेव्हणा टेक्सासमध्येच जन्मला, त्याला ते माहीत नाही.

कोथरूडचा कावळा

पाव्हणं, शेवटच्या परिच्छेदासाठी पॉपकॉर्न खाली ठेवलं.

देवघर

चांगलं लिहिलंय. पण एक विचारतो. राजमान्य पंथाची भीती खरी असेल, तर व्हाउचर तुम्हाला कसं चालतं? पैसा शेवटी चर्चच्या शाळांकडेच जाणार ना?

नगरचा पाव्हणा

व्हाउचरमध्ये निवड पालकाची. मला हवं तर मी चर्चची शाळा घेईन, तुम्ही हिंदू शाळा काढलीत तर ती घ्या. फलकात निवड ऑस्टिनची. अर्थात पश्चिमवारा म्हणतात तसं, साठ मैलांवर निवड कसली, हेही खरं. तिथे माझं उत्तर तोकडं पडतं.

केळफूल

मंडळी, काल सभा झाली. वृत्तांत देते.

सात वाजताची सभा, आमचा विषय आला पावणेअकराला. आधीचा सगळा वेळ एक प्राथमिक शाळा बंद करण्यावर, कारण पटसंख्या घटली आहे. लोक रडत होते. प्रार्थनेच्या ठरावाला तोवर निम्मं सभागृह रिकामं. शेजारीणबाई आणि मी एकाच गाडीनं गेलो होतो, बोलणार होतो विरुद्ध बाजूंनी.

त्या आधी बोलल्या. नातवाबद्दल बोलल्या, तो दोन वर्षांपूर्वी फार निराश झाला होता, तेव्हा शाळेत कुणी त्याच्याबरोबर बसून प्रार्थना केली असती तर, असं. मला हे आजवर ठाऊक नव्हतं. तीन मिनिटं संपली तरी अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही.

मग एक बॅप्टिस्ट पास्टर उठले आणि पाव्हण्यांचे बहुतेक मुद्दे, डॅनबरीसकट, त्यांनीच मांडले. विरोधात! माझा कागद निम्मा वाया गेला. मी एवढंच म्हटलं, की ह्या योजनेत भाग घ्यायचा तर पालकांनी संमतीपत्रावर सही करायची आणि त्यात दाव्याचा हक्क सोडायचा, असं कायद्यातच आहे. मुलाच्या सहलीच्या कागदावर असं असतं, कारण तिथे काही बरंवाईट होऊ शकतं. प्रार्थनेच्या कागदावर ते का लागतं, हे बोर्डानं मला सांगावं. कुणी सांगितलं नाही.

ठराव ५–२ नं फेटाळला. येताना गाडीत शेजारीणबाई गप्प होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, तुझा सहलीचा मुद्दा बरा होता, पण मला राग आलाय. म्हटलं, येऊ दे.

खडूफळा

अभिनंदन. फलक?

केळफूल

फलक आहे तिथेच आहे, तो बोर्डाच्या हातात नाही. पण लेकीनं आपला तोडगा काढलाय. बाईंना तिनं सांगितलं म्हणे, की ग्रेव्हन म्हणजे कोरलेली, आणि आमचा गणपती शाडूच्या मातीचा, हातानं घडवलेला असतो. त्यामुळे तो चालतो.

सुकेळी

😂 पोरीला लॉ स्कूलला घाल.

नगरचा पाव्हणा

आणि दहा दिवसांनी बुडवतो, हेही सांग म्हणावं. मेव्हण्याला विचारून बघतो ह्यावर काय म्हणतो ते.